समुद्राकडे तोंड केलेली डिश

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात चिडू नका. पण हे लिहायला बसलो आणि पुन्हा चिडलो. असो. नावं कुणाचीच देत नाही. गावाचंही नाही, रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना लागतं एवढं पुरे.

त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. फाल्गुन लागला होता, शिमग्याच्या बंदोबस्ताची आखणी चालली होती. सकाळी साडेनऊला हजेरी घेत होतो, तेवढ्यात त्या गावची पंधरा-वीस माणसं आवारात शिरली. पुढे गावचे मानकरी. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, बोलणं एकदम मृदू. देवीची चांदीची तीन रूपं, म्हणजे शिमग्याला पालखीत बसवतात ते मुखवटे, शनिवारी संध्याकाळी चोरीला गेली होती. देवळातला पेटारा कुणी फोडला नव्हता. कुलूप जसंच्या तसं, आत फक्त रिकामं कापड.

किल्ल्या दोन. एक मानकऱ्यांकडे आणि दुसरी गुरवाच्या विधवेकडे. नवरा वारल्यापासून देवळाची झाडलोट, दिवाबत्ती तीच करायची. साठीच्या घरातली बाई, देवळामागे देवस्थानच्या जागेत दोन खोल्यांत एकटी राहायची. सगळा गाव तिला काकी म्हणे.

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली. मानकरी हळूच म्हणाले, "साहेब, तपासाचा त्रास कशाला घेता? आम्ही कौल लावला. देवीनं उजवा दिला. चोर कळलाय."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. याला कौल म्हणतात. माझी स्वतःची आई कौल लावल्याशिवाय घराचा पाया खणू देत नव्हती, तेव्हा मी त्याची टिंगल करणार नाही. पण माझा हवालदारही मान डोलवून म्हणाला, "साहेब, कौल झाला म्हणजे प्रश्नच मिटला," तेव्हा मी त्याला चारचौघांत झापला. दोषारोपपत्राला पाकळी जोडू काय?

झापला खरा, पण मी स्वतः काय दिवे लावले ते ऐका.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. काकी शनिवारी मोठं गाठोडं घेऊन एसटीत चढताना दिसली. झालं! मी तिला ठाण्यात आणून बसवली. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. आणली. दोन दिवस, सकाळी आणायचं आणि दिवस मावळायच्या आत सोडायचं. बाकावर पदर डोक्यावरून घेऊन ती बसायची. महिला शिपायानं चहा दिला तर म्हणाली, "नको. माजी आंघोळ झाली, पन दिवा लागलो नाय अजून. कोन लावनार?"

"गाठोड्यात काय होतं, काकी?" मी विचारलं.

"दुपटी होती वो. लांज्याला लेक बाळंत झालीय माजी. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवलंय मी."

"किल्ली कुणाला दिली होती का?"

"म्हातारा गेला तेवापासून गळ्यातून काडली नाय मी ती." तिनं पदराआडून काळा दोरा ओढून दाखवला. मंगळसूत्राच्या जागी ती किल्ली होती.

लांज्याला माणूस पाठवला. दुपटी सापडली, बाळासकट. दुसरं काहीही नाही. मी तिला सोडलं. पण गावानं सोडलं नाही. वाण्यानं तिला साखर दिली नाही. विहिरीवरून बायकांनी तिची कळशी परत पाठवली. बैठक बसवून सांगितलं की पालखी निघायच्या आत रूपं आली नाहीत तर देवस्थानच्या खोल्या खाली कर आणि गाव सोड. शिमग्याला आठ दिवस होते. मी सरपंचांना बोलावून विचारलं, तुम्हाला वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा माहीत आहे का? तर म्हणतात, "आम्ही कुठं टाकलंय साहेब? लोक आपण होऊन बोलत नाहीत." कसं नाकाने कांदे सोलतात बघा! म्हातारी भर उन्हात पाऊण मैलावरच्या झऱ्यावरून पाणी आणत होती, आणि लोक आपण होऊन बोलत नव्हते.

तपासाचा भाग म्हणून मी मानकऱ्यांच्या घरीही गेलो. किल्ली त्यांच्याकडेही होती, जबाब घ्यायलाच हवा होता. तेव्हाही मी काय केलं? ती बाई बाकावर, आणि मानकरी झोपाळ्यावर! त्यांनी कोकम सरबत दिलं, मी प्यालो. शनिवारी संध्याकाळी कुठे होतात, हे मी अगदी संकोचून विचारलं. ते हसून म्हणाले, "घरीच होतो. मंडळी सगळी मुंबईला, एकट्याला करमत नाही. म्हणून आठ दिवसांपूर्वी नवीन डिश बसवून घेतली. शनिवारची मॅच पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत पाहिली."

देऊळ कसं दिसतं ते बघायला मी त्यांच्या स्लॅबवर चढलो. सूर्य मावळतीला होता. स्लॅबच्या मधोमध चिऱ्यांचा हातभर उंचीचा ओटा, वरून ताजं प्लॅस्टर, आणि त्यावर डिश. तिच्या पोटात मावळतीचं ऊन गच्च भरलं होतं, डोळ्यांवर तिरीप येत होती. मी डोळ्यांवर हात धरला, देऊळ पाहिलं आणि खाली उतरलो. इतकं डोळ्यांत घुसूनही मला काही दिसलं नाही.

पुढच्या तीन दिवसांत ठाण्यात वेगळीच कटकट सुरू झाली. शिपायांच्या खोलीतला टीव्ही रोज सकाळी अकराच्या सुमारास बंद पडायचा. सिग्नल नाही, अशी पाटी यायची. दहा मिनिटांनी आपोआप चालू. हवालदारानं डिशवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा गृहस्थ; उमेदीची वर्षं मुंबईत काढून गावी परतलेला, कमरेला पाने-पक्कड आणि तोंडात सुपारी. तो वर न चढताच हसायला लागला.

"बिघाड काय नाय. फाल्गुनात असा होतोच. तुमचा उपग्रह आहे ना, त्याच्या बरोबर पाठीमागं या दिवसांत सूर्य येतो. डिश सिग्नल गोळा करते आणि त्या दांडीवरच्या डबीवर टाकते, एलएनबीवर. सूर्य समोर आला की तिच्यात सूर्याचीच खरखर भरते. सिग्नल बिचारा एवढासा, तो बुडतो त्यात. आठवडाभर चालंल. त्याच्या फुडे बंद."

मला उगाच कुतूहल. विचारलं, "सकाळी अकरालाच का? संध्याकाळी का नाही होत?"

"संध्याकाळी कसा होईल साहेब?" तो असा बघायला लागला, जसं काही मी भात कुठल्या झाडाला लागतो असं विचारलं होतं. "उपग्रह हितं, आग्नेयेला. सड्याच्या वर, त्या डोंगराच्या माथ्यावर. कंपनी कुठलीपण असो, बोटभर इकडं नायतर तिकडं. अख्ख्या रत्नागिरीत घरांवरच्या डिश बघा, सगळ्या डोंगराकडं तोंड करून बसल्यात. समुद्राकडं त्यांची पाठ. संध्याकाळचा ऊन पाठीवर पडतो त्यांच्या."

मी उठून उभाच राहिलो. पाठीवर! आणि मी तर डिशच्या पोटातलं ऊन चुकवायला डोळ्यांवर हात धरला होता.

"समुद्राकडे तोंड केलेल्या डिशवर मॅच दिसेल?"

"मासे दिसतील," तो म्हणाला.

सरळ घरझडतीची कारणं डायरीत नोंदवली, शेजारच्या गावचे दोन पंच घेतले, डिशवाल्याला गाडीत घातला आणि निघालो. त्या गावातले पंच मुद्दाम घेतले नाहीत.

मानकरी ओटीवर पेपर वाचत होते. मी म्हटलं, "जरा टीव्ही लावा." खोका चालू केला, पडद्यावर सिग्नल शून्य. "कालपासून बिघडलीय," ते म्हणाले. "परवा मात्र दिसत होतं."

"हरकत नाही. माणूस आणलाय, फुकट दुरुस्त करून देतो."

सगळे स्लॅबवर गेलो. डिशवाल्यानं होकायंत्र काढलं, मान हलवली. मग वाकून एलएनबीच्या तोंडाकडे बघितलं आणि मला बोटानं खुणावलं. तोंड मातीनं लिंपलेलं होतं. कुंभारमाशीनं आत घर केलं होतं, तेही जुनं, वाळून कडक झालेलं. म्हणजे नवीन डिश म्हणून सांगितलेली ती कुठल्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं पडलेली होती. वायर खाली जात होती ती खिडकीपर्यंत आणि तिथं तुटकी लोंबकळत होती. एकदा वर बघितलं असतं तर तीही दिसली असती. पण मी सरबत पीत होतो.

डिशवाला मोठ्यानं म्हणाला, "दिशा चुकलीय. नट सैल करून फिरवावी लागंल."

"ओट्याला हात लावायचा नाही!" मानकरी ओरडले.

त्यांचा तो आवाज मी प्रथमच ऐकला. मृदू बोलणं पार गळून पडलं होतं. मी म्हटलं, "मानकरी, डिश फिरवायची म्हणतोय तो. ओट्याचं नाव कुणी काढलं?"

ते धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायला लागले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

पंचांसमक्ष चार चिरे काढले. आत तेलाचा रिकामा डबा, त्यात त्यांच्याच घरच्या लाल शालीत गुंडाळलेली तिन्ही रूपं. माझ्या हवालदारानं पायातले बूट काढले आणि मगच डब्याला हात लावला.

आता कारण ऐका. चांदी विकायची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या पालखी आधी यांच्या दारात यायची; या वर्षी गावानं तो मान फिरता करायचं ठरवलं होतं, आणि पहिली पाळी दुसऱ्या भावकीची होती. "माझ्या दारातून उठणार नाही तर कुणाच्याच दारातून उठणार नाही," असं त्यांनी मला ठाण्यात सांगितलं. अगदी ताठ मानेनं. निनावी फोनही त्यांचाच होता. शिमगा बुडाला की पुढच्या वर्षी रूपं देवीच्या कृपेनं आपल्यालाच सापडणार होती.

"आणि कौल?" मी विचारलं. "तो कसा जमवलात?"

तेव्हा मात्र ते दुखावले. "कौलात लबाडी नाही केली साहेब. गाऱ्हाणं मीच घातलं, पण देवीसमोर खोटं कसं बोलणार? त्या बाईचं नाव मी घेतलंच नाही. 'ज्याच्या हातात पेटाऱ्याची किल्ली, त्यानंच नेलंय का,' एवढंच विचारलं. उजवा पडला. पुढचं लोकांनी ठरवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवीसमोर खोटं बोलायची भीती, आणि एका म्हातारीला देशोधडीला लावायची भीती नाही! हा कसला भक्त? आयुष्यात सराईत चोर खूप पाहिले. त्यांच्यापैकी एकानंही माझ्यासमोर असली सोवळी सबब दिली नव्हती.

रूपं हा मुद्देमाल. न्यायालयाच्या आदेशानं शिमग्याच्या दोन दिवस आधी ती देवस्थानाच्या ताब्यात दिली. वाळीत टाकल्याचा गुन्हाही मी नोंदवला. पुष्कळांचे फोन आले की गावात सलोखा होतोय, तुम्ही कशाला काडी घालता. मी म्हटलं, सलोखा झऱ्यावरून पाणी आणताना कुठे होता?

रूपं देवळात पोचवायला मी स्वतः गेलो. काकी पायरीवर वाती वळत बसली होती. सगळा गाव गोळा झाला होता, सरपंचांच्या हातात नारळ. मी आधी पुढे झालो. टोपी काढली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काकी, तुम्हाला ठाण्यात बसवलं ती माझी चूक. मला माफ करा."

ती म्हणाली, "तुमी परके वो. तुमाला काय म्हायत मी कोन."

मग सरपंच नारळ पुढे करून म्हणाले, "झालं गेलं विसर, काकी. काय करणार? देवीचा कौलच या वेळी खोटा पडला."

तिनं वात खाली ठेवली. त्या दोन दिवसांत ठाण्यातही तिनं आवाज चढवला नव्हता, तो आता चढवला.

"देवीला खोटा बोलायचा नाय! किल्लीवाल्यान नेलान काय, इच्यारलात. देवीन होय सांगलान. किल्ल्या दोन हुत्या. तुमी सगळ्यांनी माज्याकडंच कशाला बगितलात?"

 मीसुद्धा तिच्याकडेच बघितलं होतं. नारळ सरपंचांच्या हातातच राहिला.

नोकरीत मी बरंच शिकलो, पण हे त्या पायरीवर शिकलो. आता संध्याकाळी फिरायला निघालो की घरांवरच्या डिश बघतो. सगळ्या डोंगराकडे तोंड करून बसलेल्या असतात, ऊन पाठीवर घेऊन. त्या चुकत नाहीत, कारण चुकल्या तर लगेच चित्र जातं. अख्खा गाव एकाच दिशेला तोंड करून बसला आणि ती दिशा चुकीची असली तर मात्र कुणाच्याच घरातलं काही बंद पडत नाही. फक्त एका बाईची कळशी विहिरीवरून रिकामी परत येते.