आप्पांची नात शाळेत जाते

माझे सासरे, आप्पा, स्वारगेटहून बस पकडून आमच्या नारायण पेठेतल्या घरी यायचे ते बहुधा सकाळीच, इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेल्या चपला घालून. दार उघडलं की ‘कसे आहात’ वगैरे नाही. चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता विचारायचे, “आज शाळेला कसली सुट्टी?”

आमची मुलं शाळेत जात नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षांच्या सांचीला आणि पाच वर्षांच्या सम्यकला मी घरीच शिकवतो. बायको, म्हणजे आप्पांची वैशाली, नोकरी करते आणि मी नोकरी सोडून मास्तर झालो. दर वेळी मी नवीन सुट्टी शोधायचो. कधी मास्तरांना सर्दी, कधी मास्तरांची अंघोळ राहिली. आप्पा गंभीरपणे म्हणायचे, “मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी म्हटलं, तर तेही तुम्हीच.”

हा उद्योग आम्ही हौसेने केला नव्हता. पहिलीत असताना सांची रोज सकाळी दप्तर दिसलं की उलटी करायची. वर्गात ती एक शब्द बोलत नसे. बाईंनी वाचायला उभं केलं की ओठ घट्ट मिटायचे ते शाळा सुटेपर्यंत उघडायचे नाहीत. शेवटी आम्ही तिला काढलं. घरी तिची बडबड परत आली, पण मोठ्याने वाचणं काही परत आलं नाही. वाचायची ती मनात, कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून.

आप्पांना हे सगळं समजत होतं आणि पटत नव्हतं. ते नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या वडिलांना गावच्या शाळेत वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसवत. वर्गाच्या आत, बाकावर बसलेले घरातले पहिले आप्पा. मी एकदा फार विद्वत्तेने त्यांना शाळेचे तोटे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “अहो, तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शाळेत बसल्या. तुम्हाला कंटाळा येणं साहजिक आहे. आमची आत्ता कुठे बूड टेकून बसलीये.”

मी हसलो. हसायचं वाक्य नव्हतं, हे मला जिन्यातून त्यांची पाठ दिसली तेव्हा कळलं.

माझ्या शिकवण्याचे ते एकमेव निरीक्षक. बी कशी रुजते ते दाखवायला मी मटकी भिजवली, तर धडा सुरू होण्याआधी वैशालीने तिची उसळ केली. आप्पा त्या दिवशी जेवायला होते. दुसऱ्यांदा उसळ वाढून घेत म्हणाले, “प्रयोगशाळा खाऊन टाकणारी शाळा मी पहिल्यांदाच बघतोय.” पण जाताना वैशालीला हळूच सांगायचे, एकदा तरी सांचीला पुन्हा शाळेत जाताना बघू दे. दर जूनमध्ये सांगायचे. आम्ही दर जूनमध्ये ‘बघू’ म्हणायचो.

मग त्यांची फुप्फुसं थकली. दवाखान्यातून घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याचा अर्थ आप्पांनी आमच्या आधी ओळखला. पलंगावरून त्यांनी वैशालीला एवढंच विचारलं, “यंदा तरी घालताय का तिला?”

आणि मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की घरातले लोक भांडी आवरून ठेवतात. मी लक्ष्मी रोडवर गणवेश घ्यायला गेलो. दुकानदाराने शाळा विचारली. मी म्हटलं, कुठलीही चालेल. त्याने हातातला गठ्ठा पुन्हा फळीवर ठेवला. “शाळा ठरवा, मग या. इथे कापड विकतो, शिक्षण नाही.” मग रस्त्यात बोर्ड पाहिलेल्या एका शाळेचं नाव सांगून मी निळा पिनाफोर आणि आत घालायचा पांढरा शर्ट घेतला. वैशालीला हे मुळीच पसंत नव्हतं. सांचीला शाळेत घातलंय असं आप्पांशी खोटं बोलायचं? पण ती आप्पांच्या घरी, त्यांच्या उशाशी रात्रंदिवस जागून इतकी थकली होती की भांडली नाही.

पहिल्यांदा सांचीला त्या वेशात पाहिलं तेव्हा आप्पांनी तिला खिडकीच्या उजेडात उभं राहायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिले. कॉलर सरळ केली. मग पेढे आणायला लावले आणि स्वतःला वर्ज्य असूनही अर्धा खाल्ला. मी स्वतःवर फार खूश होतो.

आता घरी शिकवणाऱ्यांचं एक असतं. त्यांना वार कळत नाहीत. सगळे दिवस सारखे. त्या आठवड्यात एक दिवस पुन्हा सांचीला गणवेश घालून, वेणी बांधून, दप्तर देऊन मी ‘शाळेतून थेट’ आप्पांकडे घेऊन गेलो. वैशाली औषधं आणायला खाली उतरली होती. पलंगाशेजारी आप्पांचे कचेरीतले जुने सहकारी शिंदे बसले होते. त्यांनी सांचीकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, “अरे वा, शाळा? आज रविवारी?”

सांचीने माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी मात्र पापणीही हलवली नाही.

“जादा तास असतात,” ते म्हणाले. “हुशार मुलांना बोलावतात.”

हा माणूस नोकरीत कधी कुणासाठी एक खोटी ओळ लिहायला तयार झाला नव्हता. त्यापायी त्यांच्या तीन-चार बदल्या झाल्या, असं शिंदेच मला नेहमी सांगायचे. आता शिंदे ‘वा वा’ करून निघून गेले. दार लागलं. ‘कसली सुट्टी’ हे आप्पांनी त्या दिवशी विचारलं नाही. खरी सुट्टी होती तेव्हाच विचारलं नाही.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. “तिला तो गणवेश घालत जाऊ नका. गळ्याशी काचतोय.” धाप लागली म्हणून थांबले. मग म्हणाले, “जावईबापू, खरं सांगा. जाईल का ती कधी?”

मी म्हटलं, “माहीत नाही, आप्पा.”

ते छताकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानापर्यंत गेलं ते त्यांनी पुसलं नाही. समजलं-पटलं असं काही म्हणाले नाहीत, आणि मला वाटतं पटलं नव्हतंच. सांची ते पाहत होती. तिने दप्तर उघडलं. आत खरंखुरं असं एकच पुस्तक होतं, गोष्टींचं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. अडखळत, एकेका अक्षरावर बोट ठेवून. जोडाक्षराशी थांबायची, पुन्हा मागून यायची. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, कारण हललो असतो तर ती थांबली असती.

पान संपता संपता आप्पांचे डोळे मिटले. तिने वाचणं थांबवून विचारलं, “आजोबा, झोपलात?”

“ऐकतोय,” आप्पा म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

आप्पा ‘ऐकतोय’ म्हणाले तेव्हा वैशाली औषधाच्या दुकानात रांगेत होती. ती अजून मधूनच विचारते, कसं म्हणाले? मी म्हणून दाखवतो. नाही, तसं नाही, असं माझं मलाच वाटतं, मग पुन्हा म्हणून दाखवतो. ती मान हलवते आणि सांचीच्या खोलीत जाऊन दिवा मालवून येते.