पेटीच्या तळाची जोडी

अल्विनेच्या जिभेला गायीसुद्धा वचकून असत. सामुदायिक शेतावर कोणाच्या चुलीवर काय शिजतंय आणि कोणाच्या डोक्यात काय, दोन्ही तिला ठाऊक. पण त्या सोमवारी तिच्या हातून दुधाची भरली बादली कलंडली आणि तिनं कोणालाच शिवी दिली नाही. बाकीच्या गवळणी चपापल्या. बाईचं काहीतरी भलतंच बिनसलं होतं.

बिनसलं होतं लेकीच्या लग्नात. आमच्याकडे नवरी सासरी जाते ती विणलेल्या हातमोज्यांची पेटी भरून. सासूला जोडी, दिरांना जोडी, वाजंत्र्याला, घोडा हाकणाऱ्यालाही. कोणी रिकाम्या हातानं परतला तर नवरीची नाचक्की. अल्विनेनं कित्येक हिवाळे डोळे फोडून ती पेटी भरली होती. तळाशी मात्र जुन्या परकरात गुंडाळलेली एक जोडी वेगळी होती, तिच्या भावासाठी, फ्रिचिससाठी. तो सैबेरियातून सुटून आला होता, दोन बोटं तिथंच ठेवून. त्या मोज्यांच्या मनगटावर तिनं गडद तांबडा पट्टा विणला होता, मग बारीक पांढरा, मग पुन्हा गडद तांबडा. रशियन येण्याआधी, देश आमचा होता तेव्हा, आमच्या शाळेवर हाच झेंडा फडकायचा. पुढं त्याच्या चिंधीपायी माणसं मालगाडीत कोंबली गेली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेताचा अध्यक्ष क्रुक्लिस आमंत्रण नसताना बिअरच्या वासावर टपकला. बीरुताच्या, म्हणजे नवरीच्या, जोड्या वाटून संपल्या होत्या. पोरीनं पेटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि सापडले ते मोजे देऊन टाकले. झेंडा उतरला तेव्हा ती पाळण्यात होती. तिला काय कळणार?

अल्विने डुकराच्या मांसाचं ताट घेऊन बाहेर येते तो काय, क्रुक्लिस दोन्ही हात उंच करून मांडवभर नाचतोय!

"बघा, कसे चपखल बसले! नवरीनं माझं माप घेतलं तरी कधी?"

सगळे हसले. फ्रिचिस तेवढा ताटाकडे बघत बसला.

"काय दिलंस गं त्याला, भवाने?" अल्विनेनं लेकीला कोपऱ्यात ओढलं.

"तळाला होते ते. रिकाम्या हातानं पाठवू होय? मग तूच बोलली असतीस!"

संध्याकाळी अल्विने शेजारणीकडून मागून आणलेली दुसरी जोडी घेऊन क्रुक्लिसच्या दारात उभी.

"अध्यक्षसाहेब, त्या जोडीचा अंगठा चुकलाय हो. चुकीचे मोजे दिले तर नवरीची कूस उजवत नाही म्हणतात. हे घ्या, ते द्या."

"पक्षाच्या माणसाला अंधश्रद्धा शिकवता, अल्विनेबाई? अंगठा तर झकास बसतोय. उद्या जिल्ह्याच्या बैठकीला हेच घालून जाणार."

"तिथं कशाला? खोली गरम असते की!"

"खोली गरम, माणसं गार," तो हसला आणि त्यानं दार लावून घेतलं.

म्हणून सोमवारी बादली कलंडली. रस्त्यावर ट्रक घरघरला की अल्विने गोठ्याच्या दाराशी. परत गाय. पुन्हा दार. घरी फ्रिचिस पिशवीत वाळका पाव भरत होता. काय न्यायचं विसरू नये, ते माणसाला सैबेरियाच्या पहिल्या खेपेतच कळतं.

अंधारून येता येता क्रुक्लिस थेट गोठ्यात आला. गवळणी एकेक करून पांगल्या.

"पक्षाच्या जिल्हा सेक्रेटरीसाहेबांना मोजे फार आवडले. रशियन माणूस तो. म्हणाला, इथली नक्षी का? म्हटलं, हो, जुनी आहे. त्याला एक जोडी हवीय."

"अशीच?" अल्विनेनं विचारलं.

"वेड लागलंय का? मध्ये पांढऱ्याऐवजी निळा घाला." तो जवळ आला. "तिथं आपल्याच वयाचा, आपल्यातला एकजण होता. त्यानं मनगटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग बैठक संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला."

"द्या ते इकडं. आत्ता उसवते."

क्रुक्लिसनं हात खिशात घातले. "दिलेली भेट परत मागतात होय? माझ्यापाशीच राहतील." आणि गेला.

घरी तिनं सगळं सांगितलं. फ्रिचिसनं पावाच्या पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाला, "ठेवू दे. आपला माणूस आहे."

"असेल," अल्विने म्हणाली. "तुला न्यायला आला होता तोही आपलाच होता."

आणि निळी लोकर मांडीवर घेऊन ती रस्त्याकडं तोंड करून विणायला बसली.