रंगाऱ्याचा खुबा आणि शिडीची चौथी पायरी

नाही गं, गुडघा नव्हे, खुबा लिही. कंबर नि मांडी जुळते तिथला सांधा. गुडघ्याचं रडगाणं तर घरोघरी असतं. आपल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या रंगाऱ्याचा खुबा गेला होता, आणि दोन वर्षं त्याला स्वतःलाच कळलं नाही. जांघेत दुखायचं, तो म्हणायचा शीर आखडली. सकाळी खाटेवरून उठला की पहिली दहा-बारा पावलं बदकासारखी. मोज्यासाठी पाय वर येईना, तर मोजा बायको घालायची. त्यावरून मेव्हणा चिडवायचा. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दोघं मिळून कामं घेत.

रंगाऱ्याचा जीव कशात, तर भिंत आणि छत मिळतं तिथल्या रेघेत. शिडीवर उभा राहून नुसत्या हातानं ओढायचा, सुतानं मारल्यासारखी सरळ. मेव्हणा तिथं चिकटपट्टी लावायचा. रंगारी म्हणायचा, ज्याला चिकटपट्टी लागते त्यानं दारं-खिडक्या रंगवाव्यात. आणि आता ह्याचाच पाय दुसऱ्या पायरीच्या वर जाईना. एका कामावर मेव्हण्यानं शिडी हलकेच त्याच्या हातातून काढून घेतली.

"दाजी, तुम्ही खालचं मारा. वरचं मी बघतो."

टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. त्या दिवशी रंगाऱ्यानं संध्याकाळपर्यंत खिडक्या रंगवल्या.

मग डॉक्टर झाला, फोटो झाला. सांध्यातली गादी झिजलेली. ऑपरेशनची वेळ अजून आली नाही, आधी व्यायाम करा म्हणाले आणि व्यायामवाल्या बाईकडे धाडलं. बाई सरळ बोलणारी. झिजलेलं भरून येत नाही म्हणाली. दुखणं सगळं जाईल असंही नाही. थोडं कमी होतं, कुणाचं बऱ्यापैकी, कुणाचं अगदीच नावाला. पण मांडीचे नि कुल्ल्याचे स्नायू भक्कम झाले तर उठणं-चालणं सुधारतं, बारा आठवडे करून बघा. मग तिनं खुर्ची मांडली, हात छातीवर बांधायला लावले आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता ते दाखवा म्हणाली. सहा वेळा उठला. तिनं सहा लिहून ठेवले.

रंगाऱ्याला काही पटलं नाही. दुखरा सांधा हलवायचा म्हणजे ओल्या भिंतीला हात लावल्यासारखं, असं त्याचं म्हणणं. पंधरा दिवस पाय हलवला नाही. उद्या बाईकडे जायचं म्हटल्यावर आठवण झाली. राहिलेलं काम आदल्या दिवशी उरकायचं, ही धंद्यातली सवय. सगळ्या पंधरवड्याचा व्यायाम त्यानं एका दुपारी उरकला: ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं, उताणं पडून कंबर उचलणं, खुर्चीतली ऊठबस, जिन्याची एकच पायरी चढ-उतर. दुसऱ्या सकाळी खाटेवरून उठवेना. पडल्या पडल्या जाहीर केलं, बाईनं चुना लावला.

बायको मोजा घेऊन उभी होती. "अहो, डबाभर रंग एकाच हातात भिंतीला थापता का तुम्ही?"

"पोपडे निघतील."

"मग?"

रंगाऱ्यानं पाय पुढं केला. तिनं मोजा चढवला आणि आपल्या कामाला लागली.

बाईपुढं त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. ती रागावली नाही, प्रत्येक व्यायाम दहादा सांगितला होता तो पाचदावर आणला. एक दिवसाआड, पातळ हात. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं निवलं तर बरोबर चाललंय. नाही निवलं तर कमी करायचं, सोडायचं नाही. रंगाऱ्यानं शिडी घरात आणून भिंतीला लावली. पाय जिथवर जाईल त्या पायरीवर निळ्या रंगाचं बोट उमटवायचा. पाच आठवडे सगळी बोटं दुसऱ्याच पायरीवर. बायको म्हणायची, शिडी रंगवायचं काम घेतलंय वाटतं.

बाराव्या आठवड्यात अर्ध्या मिनिटात दहा वेळा उठला. मोजा स्वतः घातला, मोज्याची टाच फिरून पावलावर आली पण घातला. दुखणं आहेच. दहात सात होतं ते पाच झालं, असं तो सांगतो. निळी बोटं चौथ्या पायरीवर थांबली, पाचवी कोरीच राहिली.

मग एका खोलीचं काम आलं, छत फार उंच नव्हतं. मेव्हणा चिकटपट्टी सोडवत बसला होता. रंगाऱ्यानं शिडी लावली, बाईनं शिकवल्याप्रमाणे चांगला पाय आधी टाकत चौथीवर गेला. हात लांब केला, ब्रश छताला पोचला. मेव्हणा उठला आणि त्यानं शिडी धरली. कोपऱ्याशी रंगारी थांबला, पायावरचा भार बदलला, उरलेली रेघ ओढली. थांबला तिथं रेघ केसभर जाड आहे, मी पाहिलीय. मेव्हण्यानंही पाहिली, आणि चिकटपट्टी खिशात घातली.

जिन्याच्या उंच भिंती आता मेव्हणाच करतो, त्यावर रंगारी कुरकुरत नाही. मध्ये महिनाभर व्यायाम सोडला होता, तर मोजा परत बायकोच्या हाती गेला. तेव्हापासून एक दिवसाआड ओट्याशी उभा असतो.

झालं लिहून? मग घडी घाल आणि तुझ्या मावशीआजीला नेऊन दे. खुब्याचा फोटो काढल्यापासून ती खुर्ची सोडत नाही, हललं तर उरलीसुरली गादीही जाईल म्हणते. तिला म्हणावं, आज हात न टेकता पाच वेळा उठ. उद्या राहू दे. परवा पुन्हा पाच.