कोलोझ्वार, क्लाउझेनबुर्ग आणि पनवेल

बुद्धिबळ खेळणाऱ्यांकडे वेळ फार, म्हणून किस्सेही फार! आमच्या पनवेलात अण्णांच्या भातगिरणीच्या ओट्यावर संध्याकाळी पट मांडला जायचा. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि अण्णांना वाटायचं, आता जगाला हरवायला हरकत नाही.

मी हायस्कुलात मास्तर, म्हणून परदेशी पोस्टकार्डं लिहिणं माझ्याकडे. एका कार्डावर एक चाल. पहिला डाव एका इंग्रज साहेबाशी. अण्णांनी आपल्या देशी नियमाने राजाला एकदा घोड्याची उडी मारायला लावली. साहेबाचं उत्तर आलं, "आपल्या राजाची प्रकृती बरी आहे ना?"

"कळव त्याला," अण्णा गरजले, "आमच्याकडे राजे उड्या मारतात!"

तो डाव अर्थातच गेला. सगळा बाजार हसला. तेव्हा अण्णांनी भर बाजारात शपथ घेतली, "यापुढे एक जरी डाव हरलो, तर हा पट गाढी नदीत सोडीन!" अण्णांच्या वडिलांचा शिसवी पट होता तो.

*

पुढचे दोन गडी रुमानियातले निघाले. कोलोझ्वारचा एक हंगेरियन औषधवाला आणि क्लाउझेनबुर्गचा एक जर्मन शिंपी. दोघेही भलतेच तयारीचे! आमच्यातले घड्याळवाले हसनभाई हळूच म्हणाले, "अण्णा, एका डावात आपण पांढरे, दुसऱ्यात काळे. पहिल्याची चाल दुसऱ्याला पाठवा, दुसऱ्याचा जवाब पहिल्याला. लढू दे त्यांना. एक डाव तर पक्का आपला!"

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याची खबर बाजाराला कोण देतंय?"

*

तसंच सुरू झालं. कार्डं आणायचा शेजारच्या कोन गावचा धर्मा पोस्टमन. दारातूनच ओरडायचा, "अण्णा, तुमचा घोडा आयलाय!" एकदा गिऱ्हाइकं खरंच घोडा बघायला बाहेर आली.

*

वर्षभराने औषधवाल्याने चालीखाली लिहिलं, "काय खोल खेळता हो तुम्ही हिंदी लोक! आमच्या गावात एक जर्मन शिंपी आहे. आमचं बोलणं कधीच बंद झालंय. त्या गाढवाने तुमच्याकडून शिकावं!"

लगेच पुढच्या आठवड्यात शिंप्याचं कार्ड. "आमच्या गावातल्या त्या हंगेरियन औषधवाल्याला तुमचा खेळ दाखवायला हवा. पण मी त्याचं तोंडही बघत नाही."

अण्णा खूश! "बघा, प्रत्येक गावात एकेक गाढव असतंच!"

मला मात्र शंका आली. शाळेत जाऊन नकाशे काढले. जुन्या नकाशात कोलोझ्वार, त्याखाली कंसात क्लाउझेनबुर्ग. नव्या नकाशात त्याच ठिपक्यावर तिसरंच नाव, क्लुझ!

"म्हणजे हंगेरियनांचं एक, जर्मनांचं एक, रुमानियनांचं एक," मी सांगितलं. "शहर तेच."

"एका घराला तीन भावांनी आपापली पाटी लावली म्हणायची," हसनभाई म्हणाले. "पण मग मास्तर, आपण शेजाऱ्या-शेजाऱ्यांना पनवेलवरून लढवतोय!"

*

अण्णा बराच वेळ पटावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "मास्तर, दोघांनाही खरं लिहा. पट गेला तर गेला. पनवेलचा माणूस खोटं खेळून जिंकला असं नको."

लिहिलं. उत्तर येईना. अण्णा गाढीवर जाऊन पाणी किती आहे तेही बघून आले! मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी एका सकाळी धर्मा आला. कार्ड एकच. वरचं अर्धं औषधवाल्याच्या अक्षरात, खालचं शिंप्याच्या. मी मोठ्याने वाचलं, "आम्ही दोघे आज एका टेबलाशी बसून हे लिहीत आहोत. कॉफी उत्तम आहे. आम्ही दोघांनीही आपापला डाव सोडला. दोन्ही डाव पनवेलने जिंकले!"

पत्त्यात शहराची तिन्ही नावं होती.

अण्णांनी पट डोक्यावर घेतला आणि गिरणी बंद करून अख्ख्या बाजाराला पेढे वाटले. धर्माने पेढा तोंडात टाकला.

"दोनी डाव जिंकले? लय भारी काम झालं, अण्णा! पन तुमी खेललात कवा?"