रिकाम्या टॅबमधलं गाऱ्हाणं

देवचार, भुतं, कौल... यातलं मी काहीच मानत नाही. त्यावरून बायको मला येता-जाता टोमणे मारते, तरी मानत नाही. डिचोलीच्या बाजारात माझं मोबाईल-टॅब दुरुस्तीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. बॅटरी फुगते, बोर्ड जळतो, पाणी जातं. बिघाड म्हटला की कारण सापडतंच. या एका टॅबचं मात्र नाही सापडलं.

गेल्या वर्षी गणेश चवथीच्या तीन आठवडे आधी एक काकी दुकानात आल्या. राहणाऱ्या कोरगावच्या, इथे लेकीकडे आल्या होत्या. टॅबवर अपडेट आलं, मुलाने न वाचता ‘ओके’ दाबलं आणि टॅब पार मठ्ठ झाला. त्यातलं जुनं रेकॉर्डर ॲप तर उघडलं की लगेच बंद.

“बाबू, ह्येच्यात आमच्या ह्यांचा गाऱ्हाणां आसा,” काकी म्हणाल्या. “ता गेला तर चवथीक माझो झील काय बोलतलो?”

चवथीला घरचा कर्ता पुरुष गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतो. गावचे देव, घराण्याचे मूळपुरुष, सगळ्यांची नावं क्रमाने घ्यायची आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काकींचे यजमान वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा वास्कोला नोकरीला. आदल्या चवथीला तो साऱ्या भावकीसमोर मधेच अडकला आणि मान खाली घालून उभा राहिला. आता तो हे रेकॉर्डिंग ऐकून पाठ करत होता.

जुनी सिस्टीम टाकली की ॲप चालणार होतं, पण तसं करताना टॅब पूर्ण पुसला जातो. म्हणून रेकॉर्डिंग आधी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवलं. ते वाजवून बघायला हवं होतं... पण एक वाजत आला होता. आमच्याकडे एकला शटर खाली, आणि घरी बांगड्याचं हुमण तयार होतं. टॅबवर जुनं सॉफ्टवेअर चढवायला लावलं आणि गेलो. जेवून तासभर आडवाही झालो.

साडेतीनला परत आलो. टॅब नवाकोरा होऊन ‘भाषा निवडा’ म्हणत होता. फाईल परत टाकायला गेलो तर — शून्य केबी! नाव उतरलं होतं, आत काहीच नाही. रिकव्हरी करून पाहिली, हाती शून्य. काकी चारला येणार होत्या.

निदान ॲप तरी दाखवू म्हणून रेकॉर्डर उघडला. यादीत एक रेकॉर्डिंग होतं, अकरा मिनिटांचं. वायफाय जोडलं नव्हतं, अकाउंट घातलं नव्हतं, कार्डही नव्हतं. वाजवलं. थकलेल्या म्हाताऱ्याचा आवाज, आणि दर वाक्यामागे सात-आठ पुरुषांचं ‘व्हय म्हाराजा’. मी सुटलो म्हटलं!

काकींनी दोन वाक्यं ऐकली आणि हाताने थांबवलं.

“ही माणसां खंयची?”

“चवथीला रेकॉर्ड केलं असेल ना, काकी?”

“नाय रे. हे बिछान्यार होते तेव्हा भरला. खोलीत आमी दोगांच. हे तयार नव्हते. म्हणत, व्हय म्हणूक कोण नाय, भिंतीक सांगू काय? मीच हट्ट केलंय. दर वाक्याक थांबत, वाट बघीत... आणि माझ्या तोंडातसून शब्द फुटाक नाय.”

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं. एक घोगरा आवाज सगळ्यांच्या आधी ‘व्हय’ म्हणायचा. “आमचे मामंजी,” त्या म्हणाल्या. सासरे जाऊन तीस वर्षं झालेली. त्या माझ्यासमोर मोकळेपणी रडल्या. “बरां झाला,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “दोन वर्सां माका ता टोचत होता.”

चवथीला मुलाने एकदाही न अडखळता गाऱ्हाणं घातलं, असा काकींचा फोन आला. रेकॉर्डिंगची कॉपी माझ्याकडे आहे. दोन जाणकारांना ऐकवली, त्यांनाही उलगडा झाला नाही.

काकींना वाटतं, यजमानांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती माणसं नंतर आली. त्या दुपारी टॅब पार पुसला गेला होता, त्यात यजमानांचाही आवाज उरलेला नव्हता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.