शेळगावातला जर्मन

मला जर्मनीला जायचं होतं. इतिहास, संशोधन, पीएच.डी. हे सगळं त्या जाण्याचं निमित्त. आता सत्तरी ओलांडल्यावर हे सांगायला काय हरकत आहे? पण तेव्हा चाळिशीच्या उंबऱ्यावर उभी असलेली ती बाई हे स्वतःशीसुद्धा मान्य करत नव्हती. ती बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, वालचंदनगरच्या क्वार्टरमधून रोज एसटीनं जा-ये करायची, आणि कुणी विषय विचारला की पदर सारखा करून एका दमात सांगायची, "दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या स्थानबद्धांच्या छावण्यांवर पहारा देणाऱ्या ब्रिटिश लष्करी तुकड्या." एकदा कंडक्टरलाही सांगून झालं. तो म्हणाला, "बरं. बारामती फुल्ल एक ना?"

विषय सापडला तो असा. पुण्यातल्या एका ग्रंथालयात ब्रिटिश पलटणींच्या इतिहासाची कपाटं कुणाचा हात न लागता पडून होती, आणि मी दर शनिवारी पुण्यात जर्मनच्या वर्गाला जात होते. पुस्तकं फुकट, भाषा येतेच आहे, शिष्यवृत्ती मिळाली की विमान. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपल्या वाट्याच्या मुलखात नाझी अधिकारी, पक्षाची माणसं, नुसते संशयित, असे कितीतरी लोक तारेच्या कुंपणात ठेवले होते. काही ठिकाणी तर छावणी नाझींनीच बांधलेली. आतली माणसं बदलली, तार तीच. त्या तारेच्या बाहेर कोण उभं होतं, ते मी शोधत होते. पण त्या जाडजूड पुस्तकांत लढायांना नकाशांसकट प्रकरणं असायची आणि लढाई संपली की एक ओळ: तुकडी पहाऱ्याच्या कामावर होती. पान उलटावं तर फुटबॉलच्या संघाचा फोटो.

मी त्या एकेका ओळीचं कार्ड करायचे. कुठली तुकडी, कुठली छावणी, कुणाच्या जागी कोण आलं. कार्डं बुटांच्या खोक्यांत आणि खोकी पलंगाखाली. नवरा म्हणायचा, "तुझी फौज जरा बाहेर काढ, झाडायचंय." एवढ्या कार्डांवर आतल्या माणसांपैकी एकही नव्हता, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. ध्यानात यायला ध्यान ठिकाणावर लागतं. माझं विमानतळावर होतं.

एका रविवारी नवऱ्याच्या खात्यातला एक फिटर घरी आला. शेळगावचा. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"वैनी, तुमाला जर्मन येती म्हनं?"

बाई फुलली. "येते थोडीफार."

"बोलाय येती का? का नुसती वाचायची?"

"बोलताही येते." येत होतं ते एवढंच: माझी छत्री निळी आहे, स्टेशन कुठे आहे, मला सफरचंदं द्या.

"मग एकदा आमच्याकडं या. आमच्या आबांना जर्मन लागलाय."

मला वाटलं, शिकायची गोडी लागलीय. "या वयात? कौतुक आहे हो."

"तसं न्हवं, वैनी. लागलाय. बाहेरचा."

आत चहा गाळणाऱ्या नवऱ्याचा हात थांबला.

मग त्यानं सांगितलं ते असं. आबा तरुणपणी पलटणीत होते. लढाई संपल्यावर तिकडं परमुलखात त्यांना कैद्यांवर पहाऱ्याला ठेवलं होतं. परत आल्यावर त्यातलं कधी काही बोलले नाहीत. घरची पिढीजात मेंढरं गेली, ऊस आला, आणि त्या साली ह्यानं डाळिंब लावलं. जनावर शिरू नये म्हणून बाभळीच्या फांद्यांचं जुनं कुंपण काढून काटेरी तार ओढली. तेव्हापासून दिवेलागणीला आबा तारेपाशी जाऊन वासरासारखे हंबरायचे. मग भलत्याच आवाजात बोलायचे. वासर, वासर, बिट्टं.

"देवऋषी आनला. त्यो म्हनला, परमुलखातला हाय, वासरू मागतोय. खोंड सोडला. गेला न्हाय. आयनं कालवडीचं नाव बिट्टी ठेवलं, म्हनलं तेवढ्यानं तरी निवंल. न्हाय. शेवटी देवऋषी म्हनला, ह्येला मराठी कळत न्हाय, म्या काय करू?" त्याला हसू आलं, आणि लगेच गेलं. "आबा जेवत न्हाईत, वैनी. तारंपासनं आलं की ताटावर बसत्यात, आन् तसंच उठत्यात. पार वाळलंत. आय म्हनती, बाईला आना, त्येच्या भाषेत इचारू द्या, तुला काय पायजे."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ नकोस. माणूस आजारी आहे." पण मला पुस्तकातल्या त्या एका ओळीतला माणूस जिवंत सापडला होता, तोही तिकीट न काढता. पुढच्या रविवारी निघाले. एसटीत बसून "आपल्याला काय हवं आहे?" हे जर्मनमध्ये घोकत होते. जर्मनमध्येही अहो-अरे असतं. भुताला अहो म्हणायचं की अरे, यावर फाटा येईपर्यंत माझा निर्णय झाला नाही. शेजारची बाई टोपली घेऊन पुढच्या बाकावर गेली.

आबा ओसरीवर बसले होते. उंच, हाडं वर आलेली, डोळे मात्र अगदी शहाण्या माणसाचे. त्यांची कारभारीण खांबाला टेकून उभी होती. मी वही उघडली.

"आबा, छावणी जर्मनीत होती की इटलीत?"

"आगगाडीनं न्हेलं, ट्रकनं उतरवलं. म्या कुठं इचारलं?"

"इटलीच असणार, आपल्या हिंदी पलटणी तिकडेच लढल्या," मी म्हणाले, आणि मनातून खट्टू झाले. इटली माझ्या विषयात बसत नव्हती. तरी लिहीत राहिले.

"लढाई सरली हुती," आबा म्हणाले. "उनाचं दिस. नदीच्या अंगाला मैदान, तार ओढल्याली, आन् आत ह्ये जर्मन बसवल्यालं. तारंपाशी जायाचं न्हाय, कुनाशी बोलायचं न्हाय, असा हुकूम. माज्या अंगाला एक हुता. दोनी हातांना चिंध्या गुंडाळल्याल्या. माज्याकडं बघायचा आन् म्हनायचा, वासर, बिट्टं. तितं कुनाचं काय बोललेलं कळत न्हवतं, बाई. पयला शबुद कळला त्यो ह्यो. म्या म्हनलं, ह्यो आपल्यातलाच. घरी वासरू हाय, बिट्टं नावाचं. त्येची सय येतीया."

मी वहीत लिहिलं: कैदी शेतकरी कुटुंबातला असावा.

"मग?"

"मग म्या हंबरून दाखवलं. त्येला बरं वाटावं म्हनून."

कारभारणीनं पदर तोंडाशी धरला.

"हसला का तो?"

"बघत ऱ्हायला. पुन्ना म्हनला. म्या पुन्ना हंबरलो. बाकीची पोरं हसाय लागली. दिस मावळंस्तवर आमचं त्येच चाललं हुतं. सकाळी गेलो, तर त्येला उचलून न्हेत हुते." आबा पायांकडे बघत राहिले. "वासरात जीव आडाकला त्येचा. तसाच गेला."

ऊन उतरलं. कुणी काही न सांगता आबा उठले आणि डाळिंबाकडे चालू लागले. कारभारणीनं मला मनगटाला धरून मागोमाग नेलं. तार अजून नवी होती, झळझळीत. आबांनी तिच्यापाशी उभं राहून तोंड वर केलं आणि हंबरले. आईपासून तुटलेलं वासरू हंबरतं, तसंच. गोठ्यातून कालवडीनं ओ दिली.

मग आबांचे खांदे पडले, दोन्ही हात छातीशी दुमडले गेले, आणि चिरकलेल्या, कोरड्या आवाजात ते बोलले. ओसरीवर त्यांनी शेळगावचं वासर सांगितलं होतं. हे वासर तसं नव्हतं. ते त्या माणसाच्या तोंडून आल्यासारखं आलं, शेवटचा र जवळजवळ गिळलेला. दर शनिवारी पुण्यात आमच्या बाई फळ्यावर लिहायच्या त्या, अगदी पहिल्या धड्यातल्या शब्दांसारखं.

वासर म्हणजे पाणी. बिट्टं म्हणजे कृपा करा.

"ह्योच त्यो," कारभारीण माझ्या कानाशी म्हणाली. "बोला त्येच्याशी. काय पायजे इचारा."

विचारायचं काही उरलंच नव्हतं. घोकलेलं जर्मन घशात तसंच राहिलं. दुसरं एक मात्र जिभेवर तयार होतं. खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही. "वासरू मिळालं म्हणतोय, आता जातो म्हणतोय," एवढं म्हटलं असतं की झालं. आबा कदाचित जेवले असते. वासरासाठी झुरून गेलेला जर्मन तसाच राहिला असता, आणि त्याला हंबरून हसवायला बघणारा शेळगावचा पोरगाही.

"खरं सांगा, बाई," कारभारीण म्हणाली. "खोटं सांगून गेला तर पुन्ना यील. आदीचं दोन उपाय तसंच वाया गेलं."

"पाणी मागतोय," मी म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण तारेपाशी वारासुद्धा नव्हता.

आबा वळले. "काय?"

"आबा, त्यांच्या भाषेत पाण्याला वासर म्हणतात."

आबांचे हात अजून छातीशीच होते. मग उजवा हात सुटला आणि कमरेवर गेला, उजव्या बाजूला, जिथं आता नुसता धोतराचा काठ होता.

"बाटली हितं हुती माजी," ते म्हणाले. "भरल्याली." मग म्हणाले, "वाटर म्हनला असता तर कळलं असतं की मला. सायबाचं वाटर मला ठावं हुतं."

कारभारीण घराकडे गेली. परतली ती पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं तो आबांच्या हातात दिला. आबांनी हात तारेवरून पलीकडे धरला. दंडाला काटा टोचत होता तरी हात मागे घेईनात. "घे गड्या," म्हणाले. "घे की." पलीकडे डाळिंबाची गुडघाएवढी रोपं. पाणी हिंदकळून सांडायला लागलं, आणि मी, इतिहासाची प्राध्यापिका, नुसती बघत होते.

मग कारभारीण निघाली. तारेच्या कडेकडेनं चालत फाटकातून आत गेली आणि पलीकडून परत आमच्यासमोर येऊन ढेकळांत बसली. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून छातीशी घेतले, तोंड वर केलं. आबांनी तांब्या कलता केला. ती प्याली. हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी गेलं. तांब्या रिता होईपर्यंत पीत राहिली.

त्या दिवशी आबा जेवले की नाही, मला माहीत नाही. शेवटची एसटी गाठायची म्हणून मी निघाले. पण पुढं फिटर भेटला तेव्हा म्हणाला, हंबरणं थांबलं, भाकरी पोटात जातेय. फक्त दिवेलागणीला कुणीतरी तारेपलीकडं जाऊन बसावं लागतं. आई असली की आई, नसली की बायको. "एवढ्यानं भागतंय, वैनी. म्हनून काय बोलत न्हाय आमी."

दिवाळीच्या सुमारास मी फराळ घेऊन गेले होते. कारभारीण लेकीकडं गेलेली, सून बाळंतपणाला माहेरी. दिवेलागण झाली. फिटर माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे.

मी फाटकातून आत गेले. पदरात हात गुंडाळून खाली बसले. मला वाटत होतं, हसू येईल. वर पाहिलं तर मावळतीचा उजेड आबांच्या पाठीमागं होता. चेहरा दिसतच नव्हता. नुसता एक उंच काळा माणूस, आणि मधे तार. ज्यांची कार्डं मी करत होते ते सगळे खालून असेच दिसत असणार. समोर कोण आहे ते मला ठाऊक होतं. नुकताच त्यानं माझा चिवडा नावाजला होता. तरी मला त्याची भीती वाटली. तो आता काय करेल हे मला खरोखर कळत नव्हतं, आणि माझे हात बांधलेले होते.

"भिऊ नगं," वरून आवाज आला. "पी."

मी तोंड उघडलं.