पौनीकरांची कडू पुडी

आमच्याकडे कडू ही नुसती चव नाही, शिवी आहे. नागपुरात एखाद्याला 'लय कडू माणूस हाय' म्हटलं तर त्याचा कारल्याशी काही संबंध नसतो. तो अट्टल आहे, त्याच्यापासून जपून राहा, एवढाच अर्थ. माझ्या नवऱ्याला त्याच्या संस्थेत सगळे 'कडू सर' म्हणतात, आणि दोन्ही अर्थांनी म्हणतात. तो औषधी वनस्पतींवर संशोधन करतो, त्यातही बहुतेक कडू वनस्पतींवर. शिवाय कोणाच्या चूर्णाबद्दल बरा शब्द त्याच्या तोंडून मी तरी ऐकलेला नाही.

श्रीधर पौनीकर मूळचा उमरेडचा. घरी हातमाग होता. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीने, सिंधूताईंनी, मागावर बसून साड्या विणल्या आणि याला नागपूरला ठेवून शिकवलं. त्या साड्या गांधीबागेत माझ्या वडिलांच्या दुकानात यायच्या. आमचं स्थळ त्या गाठोड्यातूनच आलं म्हणायला हरकत नाही. मला बघायला आला तेव्हा या गृहस्थाने खिशातून एक वाळकं पान काढलं आणि म्हणाला, "हे चावा." मी चावलं. मग म्हणाला, "आता पेढा खा." पेढा मातीसारखा लागला. गुडमार नावाच्या वेलीचं पान होतं ते. जिभेवरची गोड चव काही वेळ मारून टाकतं. आई मला आत नेऊन कुजबुजली, "पोरगा मांत्रिक दिसते वं." मला मात्र वाटलं, जो माणूस पहिल्याच भेटीत सांगतो की यापुढे काही गोड लागणार नाही, तो निदान खोटं तरी बोलत नाही.

तीस वर्षं त्याने मुळं, साली, पानं उकळली. आमच्या पांघरुणांनाही काढ्याचा वास यायचा. निकाल बहुधा एकच: परिणाम आढळला नाही. कधी आढळलाच तर तो उंदरांमध्ये. त्याच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची शुगर जितकी छान असायची तितकी आमच्या खानदानात कोणाची नव्हती. माणसापर्यंत मात्र त्याचं एकही औषध पोचलं नाही. लग्नाकार्यात लोक त्याला गाठून गुडघ्यासाठी झाडपाला विचारायचे. हा म्हणायचा, "चालत जा." त्यामुळे पुढच्या लग्नात लोक मलाच गाठायचे.

मग वरच्यांनी त्याला वेगळं काम दिलं. बाजारातली चूर्णं तपासायची. पाकिटावर 'शंभर टक्के वनौषधी' लिहून आत औषधाच्या दुकानातली गोळी कुटून घालणारे लबाड पकडायचे. या कामात तो फुलला. काचेच्या पट्टीवर चूर्णाचा थेंब ठेवतात, तो द्रावणाबरोबर वर चढतो आणि आतल्या प्रत्येक वस्तूचा आपापल्या ठिकाणी वेगळा ठिपका उमटतो. "गोळीचा ठिपका लपत नाही," असं तो जेवताना सांगायचा, वरणात बोट बुडवून ताटात ठिपके काढायचा. मी म्हणायचे, आधी जेव.

सिंधूताईंना हे काम मुळीच पटलं नव्हतं. त्या उमरेडच्या बसने यायच्या आणि पिशवीतून वांगी काढता काढता सुरू करायच्या, "गावातले सारे पुसतात मले. तुया भाऊ झाडपाल्याचा डॉक्टर, तुले काय देल्लं त्यानं? काय सांगू गा मी?"

"सांग, काही नाही देल्लं."

"एखादी पुडी तरी?"

"ताई, माझ्याकडे औषध नसते. रिपोर्ट असते."

"मंग एवढं शिकून काय कामाचं?" असं म्हणून त्या वांगी माझ्याकडे सरकवायच्या.

दोन वर्षांपूर्वी ताईंना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताईंनी त्या किडे मारायला गव्हाच्या कोठीत टाकल्या. "सोंड्याइच्या तरी कामी येतीन," म्हणाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: औषध कडू असतं. जी गोळी पाण्याबरोबर गपकन गिळायची, जिभेला कळतही नाही, तिच्यात गुण कुठून येणार? श्रीधरने समजावलं, मग ओरडला, मग पुन्हा समजावलं. तेवढ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शुगर उतरली नाही तर अंगठा जाईल, आणि मग ते अंगठ्यावरच थांबेल याची खात्री नाही.

श्रीधर त्या दिवशी ताईंच्या पायाशी बसून रडला. ताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुयं औषध दे. आत्ता खातो. दुकानाची गोळी खात नाही मी."

त्या रविवारी दुपारी माझ्या मिक्सरमध्ये काळमेघ दळला गेला. काळमेघ म्हणजे कडूपणाची हद्द. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरची शेंगदाण्याची चटणीही औषधी लागत होती. मग हा खलबत्ता घेऊन बसला आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी एकेक करून कुटू लागला. एका पुडीत एक गोळी आणि चवीपुरता काळमेघ.

मी म्हटलं, "काहून गा, हेच करणाऱ्याले तू पकडते ना?"

"डॉक्टरले विचारून कुटून राहिलो," तो मान वर न करता म्हणाला. "कुटली तं चालते म्हणाला तो."

"मी ते नाही पुसलं."

त्याने पुढची गोळी खलबत्त्यात टाकली. मीही पुड्या बांधू लागले.

ताईंनी पहिली पुडी जिभेवर टाकली, तोंड वाकडंतिकडं केलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि प्रसन्न झाल्या. "हे हाय औषध!" शुगर उतरली. जखम भरली. अंगठा जागेवर राहिला. आणि उमरेडमध्ये पौनीकरांच्या पुडीची जी कीर्ती झाली तिला तोड नव्हती. बसने बाया यायच्या, आमच्या दारात चपला काढायच्या. तीस वर्षांच्या संशोधनाने जे मिळालं नाही ते या माणसाला एका खलबत्त्याने मिळवून दिलं. दार वाजलं की तो न्हाणीघरात जाऊन बसायचा. मी सांगायचे, सर टूरवर गेले.

पण ताईंना कोण थांबवणार? त्यांनी आपल्यातल्या पुड्या शेजारच्या बाबारावांना दिल्या. बाबारावांनी आपल्या गोळ्या बंद केल्या आणि तरी त्यांची शुगर वाढेना. त्यांच्या मुलाचं, अश्विनचं, औषधांचं दुकान. त्याला ही जादू पचली नाही. त्याने एक पुडी उचलली आणि तपासायला नागपूरला पाठवली. कुठे, हे सांगायला नको.

त्या आठवड्यात श्रीधर सर्दीने घरी होता. त्याची सहकारी मेघा शनिवारी रिपोर्ट सहीला घेऊन आली. तिनेच पट्टी चालवली होती. माझ्या हातचा चहा घेत ती उत्साहाने म्हणाली, "सर, उमरेडमध्ये एक कडू बसला हाय. काळमेघात गोळी कुटून घालते. पण डोस पहा ना, मोजून एका पुडीत एक! शिकला-सवरला चोर दिसते."

मी मिक्सरकडे पाहिलं. श्रीधरने रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. पेन मागितलं. 'बनवणारा: अज्ञात' असं होतं, त्यातलं 'अज्ञात' खोडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं, पत्त्यासकट. मेघा आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली, आणि तिने कप खाली ठेवला.

संस्थेने त्याला तपासणीवरून काढलं. आता तो संस्थेच्या बागेत झाडांना नावाच्या पाट्या लावतो, निवृत्तीपर्यंत लावेल. मला त्याचा राग आला, संस्थेचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या अश्विनचा आला, ज्याने काहीही चूक केलं नव्हतं. पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी श्रीधरच्या डोक्यात नोकरी नव्हतीच. ताईंना खरं सांगितलं तर त्या गोळी सोडतील आणि वाचलेला पाय जाईल. नाही सांगितलं तर त्या पुड्या गावभर वाटतील आणि कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही उमरेडला गेलो. आधी बाबारावांच्या घरी जाऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, मग ताईंकडे. ताई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या; बरा झालेला अंगठा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा असा. श्रीधरने सगळं सांगितलं. गोळी, खलबत्ता, काळमेघ, रिपोर्ट. काही लपवलं नाही.

ताईंनी पसरलेला पाय जवळ ओढला. मग उठल्या, आतून उरलेल्या पुड्या आणल्या आणि त्याच्यापुढे आपटल्या.

"मी तुले तुयं औषध मागतलं होतं गा. तू मले फसवलं."

"माझ्याकडे नव्हतं, ताई." तो त्या पुड्या गोळा करू लागला. "तीस वर्षं शोधलं. नाहीच निघालं काही. तू माग चालवून शिकवलं मले, अन् माझ्याजवळ तुले द्याले एक पुडी नाही."

हे त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले. लाज वाटली नाही.

त्याने खिशातून डॉक्टरांच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ताईंपुढे धरलं. ताईंनी पाकिटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. एक गोळी काढली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला, आणि ती गोळी कचकन दातांखाली चावली.

तोंड वाकडंतिकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं.

"कडू हाय बाप्पा," त्या म्हणाल्या.

"हो ताई. कडूच असते."

त्यांनी चावून चावून ती सगळी संपवली. मग पाकीट त्याच्या हातातून घेतलं आणि लुगड्याच्या कनवटीला खोचलं.

"मंग तुयंच हाय."